चंद्री आता पळत नाही

माझी चाल देशोदेशीच्या लोकांनी पाहिली आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती आवडलेली नाही. "फार हळू", "झोप येते", "हिला कुणीतरी मागून ढकला रे" असं त्यांनी लिहून ठेवलंय. ते सगळं वाचायचं आणि ज्यांना मदत हवी त्यांना शांतपणे उत्तर द्यायचं, हे माझंच काम होतं. असली नोकरी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही.

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, कॉम्प्युटर गेम बनवणारी एक छोटी कंपनी होती. खालच्या गाळ्यात बाटल्यांची बुचं पाडणारं मशीन दिवसभर ठकठकायचं, आणि वर आम्ही तिघं. केतकी गोष्ट लिहायची आणि चित्रं काढायची. निनाद ती चित्रं कॉम्प्युटरवर हलती-बोलती करायचा. आणि मी, शैला, फोनवर बसायचे.

फोनवर बसणं मला नवीन नव्हतं. त्याआधी घाटकोपरला एका औषधांच्या कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. मग तिथे "मराठीसाठी दोन दाबा" म्हणणारं यंत्र आलं आणि मी घरी आले. केतकी आमच्याच सोसायटीतली, बी विंगमधली, फ्रॉकात असल्यापासून पाहिलेली. पवईला इंजिनिअरिंग शिकली, बड्या ठिकाणी नोकरीला लागली आणि एक दिवस ती नोकरी सोडून गेम बनवायला बसली. तिच्या आईने तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसले होते. पहिला गेम बाजारात आणताना या मुलीने एक वेडेपणा केला. 'अडलात तर फोन करा' म्हणून गेममध्येच स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. लोक अडले. लोकांनी फोन केले. जेवताना, आंघोळीला जाताना, बँकेच्या रांगेत.

एकदा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा डोळ्यांखाली काळं आलेलं. म्हणाली, "ताई, माझा फोन तुम्ही सांभाळा ना. तुम्हाला सवय आहे."

"मला गेममधलं काही कळत नाही गं."

"लोकांना तरी कुठे कळतंय? म्हणून तर फोन करतायत."

अशी मी नोकरीला लागले.

हा गेम मारामारीचा नव्हता. गाड्या पळवायच्या नाहीत, कुणाला गोळ्या घालायच्या नाहीत. या प्रकाराला पॉइंट-अँड-क्लिक म्हणतात. पडद्यावर एक चित्र असतं, समजा एक अंगण. त्यात माऊसचा बाण फिरवायचा आणि जे दिसेल त्यावर क्लिक करायचं. दोरी दिसली, उचलली, पिशवीत टाकली. म्हातारी दिसली, तिच्याशी बोललो. पुढे विहीर आली तर पिशवीतली दोरी काढून कळशीला बांधली. प्रत्येक ठिकाणी एक कोडं, कोडं सुटलं की गोष्ट पुढे सरकते. कोडं नाही सुटलं तर तुम्ही त्या अंगणातच. तासभर, आठवडाभर, कितीही. तिथे माझा फोन वाजायचा.

पहिल्या गेमचं नाव 'चंद्रीची होडी'. चंद्री ही खाडीकाठच्या कोळीवाड्यातली बारा वर्षांची पोर. बापाची होडी परत येत नाही, म्हणून ही शोधायला निघते. खारफुटीतून, मिठागरांतून, जेट्टीवरून. केतकीने माहुलला चकरा मारमारून ते गाव काढलं होतं. पुढे वाळत घातलेली मासळी आणि मागे रिफायनरीच्या चिमण्या. शेवटी चंद्रीला होडी सापडत नाही, होडीवरचा कंदील तेवढा सापडतो. आणि लांब पाण्यात एक उजेड हलताना दिसतो. तिथे गेम संपतो. म्हणजे दुसरा भाग येणार हे उघडच.

मी रुजू झाले तोवर केतकी फोनवर सरळ उत्तर सांगून मोकळी व्हायची. घाटकोपरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान असलेले एक देढियाशेठ होते. गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे लॅपटॉप उघडून खेळायचे. त्यांना केतकीने एक उत्तर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन मी घेतला.

"बेन, त्या पोरीने मला उत्तर सांगून टाकलं."

"मग सुटलं ना कोडं?"

"सुटलं ना! पण मी कुठे सोडवलं? दोन दिवस डोकं लावलं ते फुकट गेलं की नाय?"

"पण शेठजी, उत्तर तुम्हीच मागितलंत."

"मी मागणारच! तुम्ही द्यायचं नाय!"

माझ्या धंद्याचं सगळं शिक्षण या एका फोनवर झालं. लोक उत्तर मागतात. आपण ते द्यायचं नाही. पण तसंच अडकवूनही ठेवायचं नाही. एक असं वाक्य सांगायचं की समोरच्याच्या डोक्यात दिवा लागेल आणि तो आपण लावला असं त्याला कधी वाटणार नाही. फोन ठेवल्यावर त्याने बायकोला सांगितलं पाहिजे, "बघ, सोडवलं मी." तिथे माझा उल्लेखही आला, तर माझं काम बिघडलं.

सोपं नाही ते. कॉलेजच्या मुलाला चालेल तो इशारा सत्तरीच्या बाईंना चालत नाही. कुणाला "परत अंगणात जाऊन बघा" एवढं पुरतं, कुणाला "त्या कोंबडीवर तुम्ही अजून क्लिक केलेलं नाहीत" इथपर्यंत यावं लागतं. मी आधी पाच मिनिटं नुसतं बोलू द्यायचे. काय काय करून बघितलं ते माणूस सांगायला लागला की निम्म्या वेळा त्याला बोलता बोलताच सुचायचं. "अरे! थांबा थांबा," म्हणायचा आणि फोन कट. आभार वगैरे नाही. तो कट झालेला फोन हीच माझी पावती.

आमचे हे मालवणचे. औषधाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. माझं फोनवरचं बोलणं ऐकून म्हणायचे, "उत्तर म्हायत असून सांगूचा नाय, ह्यासाठी तुका कामाक ठेवल्यानी?" मी हो म्हटलं की कपाळावर हात मारायचे.

दुसऱ्या भागाला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात केतकीने पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची कामं केली, लग्न केलं, आजारी पडली, बरी झाली. फोन आणि मेल येतच होते. "दुसरा भाग कधी?" पहिला भाग शाळेत असताना खेळलेली मुलं आता नोकरीला लागून तेच विचारत होती. आणि एक दिवस केतकीने मला आणि निनादला दुसऱ्या भागाची गोष्ट वाचून दाखवली.

चंद्री आता पन्नाशीची होती. गाव कधीच सोडून गेलेली. मावशीचं घर रिकामं करायचंय म्हणून एका दिवसापुरती परत येते. हातात एक पिशवी. त्या पिशवीत घरात सापडलेल्या वस्तू एकेक करत जमत जातात. कुणाचा अडकित्ता, कुणाचा फोटो, कुणाचं जाळं विणायचं हत्यार. आणि तो कंदील. होडी शेवटपर्यंत सापडत नाही.

निनाद म्हणाला, "लोक मारतील आपल्याला."

केतकी म्हणाली, "मारू देत. पण बाप गेल्यानंतरचं आयुष्य हीच तर गोष्ट आहे ना." मग माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही जरा जिन्यातून वर चालत याल?"

मला आधी कळलं नाही. तिला पन्नाशीच्या बाईची चाल हवी होती. इंटरनेटवर मॉडेलांच्या चाली मिळतात, गुडघा धरलेल्या बाईची मिळत नाही. निनादने मोबाईल घेतला आणि मी पिशवी घेऊन इस्टेटचा जिना चढले, उतरले, पॅसेजमध्ये चालले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मध्येच कठड्याला हात टेकून उभी राहिले, ते मुद्दाम नव्हतं. बुचाच्या कारखान्यातली पोरं दारात येऊन बघत होती.

"काय आंटी, पिक्चर निघाला काय?"

"हो, हिरॉइन आहे," म्हटलं.

केतकीने त्या चित्रीकरणावरून एकेक पाऊल कागदावर काढलं. निनादने ते पडद्यावर चालवून दाखवलं तेव्हा मी बघतच राहिले. चेहरा माझा नव्हता, लुगडं कोळणीचं होतं, पण डावा पाय टाकायच्या आधीची ती अर्ध्या क्षणाची काचकूच माझीच होती. मला ते आरशात कधी दिसलं नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मजा वाटली. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "ह्या वयात लोकांक चलूक शिकयतंस काय गो?"

पहिल्या भागात एक सोय होती. दोनदा क्लिक केलं की चंद्री पळायची, वेण्या उडवत. दुसऱ्या भागात दोनदा क्लिक केलं की ती थांबून वळून म्हणायची, "येते रे, दम धर." हे वाक्य केतकीने माझ्या तोंडून उचललेलं. निनाद जिन्यात पुढे पळाला की मी तेच म्हणायचे.

गेम बाजारात आला त्या दिवशी आम्ही समोसे मागवले होते. हे गेम इंटरनेटवरच्या दुकानात विकले जातात. खेळणाऱ्याने अंगठा वर किंवा खाली करायचा आणि चार ओळी लिहायच्या. सगळ्यांचे अंगठे मोजून दुकान वर एक शब्द लावतं. पहिल्या भागावर लावलेला शब्द छान होता. दुपारपर्यंत दुसऱ्या भागाचाही छानच चालला होता. पोलंडच्या एका बाईंनी लिहिलं होतं की गेममध्ये आपल्या वयाची नायिका त्यांना पहिल्यांदाच भेटली. केतकीने ते दोनदा वाचून दाखवलं. मग रोहन नावाच्या अंधेरीच्या मुलाचा लांबलचक मजकूर आला, मराठीत.

"शाळेत असल्यापासून या भागाची वाट बघत होतो. हातात काय दिलंत? हा गेम नाही, मावशीला बाजारातून घरी सोडायचं काम आहे. चंद्री पळत नाही, कोडी धड नाहीत, जेट्टीवर आलं की काय करायचं ते देवालाही कळणार नाही. वाट लावलीत."

त्याच्याखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. नंतर त्याच्यासारखे आणखी आले. एक म्हणे चाल बघून पाय दुखायला लागले. दुसरा म्हणे चालच या गेमची जान आहे. कुणी लिहिलं शेवट बघून रडलो, कुणी लिहिलं शेवट बघून पैसे परत मागितले. संध्याकाळी दुकानाने वर शब्द बदलला. 'मिश्र.' निनादने स्क्रीन बंद केली. समोसे राहिले होते ते खालच्या पोरांना दिले.

मी त्या मुलाचा मजकूर बसमध्ये मोबाईलवर पुन्हा वाचला. राग आला का? आला. पण मला त्याच्या मजकुरातली जेट्टीची ओळ टोचत होती. कारण तोवर माझा फोन तिथेच अडलेल्या लोकांनी भरून वाहायला लागला होता.

जेट्टी हा शेवटचा प्रसंग. संध्याकाळ झालेली, चंद्रीला परत जायला होडी हवी, पण होडीचा तांडेल तिला घेत नाही. म्हणतो, "एवढं वजन नाही चालायचं." पिशवीत गेमभर जमवलेल्या वस्तू. खेळणारे काय करायचे? एक वस्तू दुसऱ्या वस्तूला लावून बघायचे. अडकित्ता जाळ्याला, फोटो कंदिलाला. असे गेम खेळणाऱ्यांना एकच सवय, मिळालेलं सोडायचं नाही. आणि इथे करायचं होतं ते नेमकं उलट. मागे जाऊन ज्याचं त्याला देऊन यायचं.

मी माझे सगळे इशारे वापरून बघितले. "पिशवीकडे बघा" म्हटलं की लोक पुन्हा जोडाजोड करायला लागायचे. "मागे जा" म्हटलं की मागे जाऊन आणखी वस्तू उचलून आणायचे. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच माझी वाक्यं लागू पडत नव्हती.

त्यात बोरिवलीहून सबनीसबाईंचा फोन आला. मिस्टर ड्राफ्ट्समन होते, झटका आल्यापासून उजवा हात गेला, डाव्या हाताने माऊस चालवतात. बाई म्हणाल्या, "त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जरा थांबा हं, त्यांना वेळ लागतो." मग सबनीसांचा आवाज आला, एकेक शब्द जुळवत.

"तो... दोर ओढायचा. मला नाही जमत. फार पटकन ओढावा लागतो."

गेममध्ये एका ठिकाणी माऊसने भराभर दोर ओढावा लागतो, त्याबद्दल म्हणत होते. मी लिहून घेतलं. म्हटलं, "आणि दुसरी?"

"पहिल्या भागात ती... माझ्या पुढे पळायची. आता बरोबर चालते."

"सांगते हं मी त्यांना," एवढंच म्हटलं.

देढियाशेठही जेट्टीवरच होते. भयंकर वैतागलेले. "बेन, हा गेम बनवणाऱ्याला माझ्या दुकानात पाठवा. एक तपेलं घालतो डोक्यात." मी त्यांना नेहमीसारखं बोलू दिलं. पिशवीत काय काय आहे ते ते एकेक करून वाचत होते, मामीचं हे, सुताराचं ते. आणि ऐकता ऐकता मी सहज विचारलं, "शेठजी, यात चंद्रीचं स्वतःचं काय आहे?"

पलीकडे दुकानातला गोंगाट ऐकू येत राहिला. मग शेठ हळूच म्हणाले, "हे तर सगळं लोकांचं आहे!" आणि फोन कट.

मी उठून पाणी प्यायले. मिळालं होतं वाक्य. पुढचे सगळे फोन मी त्या एका प्रश्नावर सोडवले. यातलं तिचं काय आहे? कुणीही दुसऱ्यांदा फोन केला नाही.

त्याच आठवड्यात आमचा गेम विकणाऱ्या आणि त्यासाठी पैसे पुरवणाऱ्या बड्या कंपनीने केतकीला स्क्रीनवर मीटिंगला बोलावलं. मी आणि निनाद बाजूला बसलो होतो. तिकडचा माणूस गोड बोलत होता. म्हणाला, लोकांचं ऐकायला हवं. तीन बदल करा. चंद्रीला पळवा. पिशवीवर बाण दाखवा, म्हणजे लोक अडणार नाहीत. आणि शेवटी होडी सापडू दे. नाहीतर पुढच्या कामाला आम्ही बरोबर असू असं सांगता येणार नाही. ते बरोबर नसते तर गाळा सोडावा लागला असता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

स्क्रीन बंद झाल्यावर केतकी खुर्चीत मागे टेकली. "करून टाकू यार. लोकांना पळायचंय तर पळवू. कशाला एवढं?"

मी म्हटलं, "केतकी, तू सगळ्या लोकांचं ऐकलंयस कुठे? तू फक्त रोहनचं वाचलंयस."

"ताई, वर 'मिश्र' लिहिलंय. सगळ्यांचं मिळूनच आहे ते."

"मिश्र म्हणजे वाईट असतं होय? फरसाण मिश्रच असतं."

ती हसली नाही. मग मी फोन स्पीकरवर टाकला आणि सबनीसांच्या घरी लावला. बाईंना सांगितलं की गेम बनवणारी मुलगी ऐकतेय, त्यांना परत एकदा तेच बोलता येईल का. वेळ लागला. केतकी टेबलावर हात ठेवून ऐकत होती. दोराचं झालं, मग चालीचं झालं. 'बरोबर चालते' हे शब्द आले तेव्हा तिने मान वळवली आणि खिडकीकडे बघत राहिली. मी फोन ठेवला.

"दोराचं त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "ती माझी चूक आहे. निनाद, तो हळू ओढला तरी चालला पाहिजे."

"आज करतो."

"पण पळवायचं नाही."

"पळवू नकोस," निनाद म्हणाला. "पण ज्यांना घाई आहे त्यांना पोचू दे ना. चित्राच्या कडेवर दोनदा क्लिक केलं की सरळ पुढचं चित्र. चंद्री तिच्या तिच्या चालीनेच चालली, फक्त मधलं आपण दाखवलं नाही. रस्त्यातच दोनदा क्लिक केलं तर मात्र ती 'दम धर' म्हणणारच."

"आणि बाण?" केतकीने विचारलं.

तेव्हा मी माझा प्रश्न सांगितला. देढियाशेठचा किस्साही सांगितला, तपेल्यासकट. आता ती हसली. कागद ओढला आणि जेट्टीवर सुकट निवडत बसलेल्या म्हातारीच्या तोंडी तिने एक ओळ घातली. चंद्री दोन-तीनदा अडखळली की म्हातारी वर न बघता विचारते, "त्या पिशवीत तुझा काय हाय गो?"

होडी सापडू द्यायची नाही, हे तिने मीटिंगमध्ये स्वतः सांगितलं. तिकडच्या माणसाने 'बघू' म्हटलं. पुढे त्यांनी आमची जाहिरात करणं जवळपास थांबवलं, ते खरं आहे. पण गेम विकला जात राहिला, हळूहळू, माझ्या चालीने म्हणा. गाळा राहिला. वरचा शब्द मात्र 'मिश्र'च राहिला. मी घरी गेले की आधी तो बघायचे, कुणाच्या तापाचा आकडा बघावा तसा.

म्हातारीची ती ओळ गेममध्ये गेली आणि माझा फोन शांत झाला. लोकांना आता मला विचारायची गरजच नव्हती. एक सबंध दुपार मी नुसती बसून होते, खालचं मशीन ऐकत. अभिमान वाटत होता. माझं वाक्य जगभरच्या लोकांना मी नसतानाही सोडवत होतं. आणि चुटपूटही लागली होती, ती लपवण्यात अर्थ नाही. कट झालेल्या फोनची सवय लागली होती मला. त्याच काळात मी ठरवलं की आता थांबायचं.

शेवटच्या आठवड्यांतल्या एका सकाळी एका मुलाचा फोन आला. म्हणाला, अंधेरीहून बोलतोय.

"मॅडम, तुमच्या दुसऱ्या भागात ती मावशी आहे ना..."

आवाज नवीन, पण शब्द ओळखीचा. मी म्हटलं, "रोहन का?"

तो गडबडला. "तुम्हाला कसं माहीत?"

"तुझं लिहिलेलं वाचलंय मी. सगळ्यांनीच वाचलंय."

"हां... ते जरा... म्हणजे गेमबद्दल होतं ते, पर्सनल काही नव्हतं."

"मला थोडं पर्सनल होतं. ती मावशीची चाल आहे ना, ती माझी आहे. मला चालवून घेतलीय."

मग तो म्हणाला, "शप्पथ? सॉरी हां ताई. म्हणजे तुमची चाल वाईट आहे असं नाही..."

"वाईट नाही रे, हळू आहे. बोल, कुठे अडलास?"

तेव्हा कळलं की त्याने तो सगळा मजकूर गेम अर्धवट सोडून लिहिला होता. जेट्टीवर अडला आणि चिडून बंद केला. आता काही बदल झालेत असं कळल्यावर पुन्हा उघडला. म्हातारीच्या प्रश्नावरून त्याने ओळखलं, मागे गेला, सगळ्या वस्तू ज्याच्या त्याला देऊन आला. आता एकच राहिली होती.

"कंदील कुणाला द्यायचा, ताई? सगळ्यांना देऊन बघितला. कुणीच घेत नाही."

"काय म्हणतात ते?"

"मामी म्हणते माझा नाही. सुतार म्हणतो माझा नाही. तांडेलही तेच."

"मग?"

"मग काय? तुम्ही सांगा ना."

"मी नाही सांगणार."

"अहो प्लीज ना ताई."

"सगळे काय म्हणाले ते परत एकदा सांग मला."

"सगळे म्हणाले माझा नाही, माझा नाही, मा..." तो थांबला. मला माऊसचा आवाज आला. एकदा. मग तो अगदी हळू म्हणाला, "अरे. हा तिचाच आहे."

फोन कट करायला विसरला तो. मी पण केला नाही. पलीकडून शेवटच्या प्रसंगाचं संगीत बारीक ऐकू येत होतं, तांडेल म्हणत होता "बस," मग वल्ह्याचा आवाज.

"ताई, आहात?"

"आहे."

"पहिला भाग मी आणि माझा मोठा भाऊ खेळलो होतो. एकाच माऊसवर. भांडत भांडत." थोडं थांबून म्हणाला, "होडी सापडायला पाहिजे होती."

"का रे?"

"एवढी वर्षं थांबलो मी."

"तीही थांबलीच होती की."

"हो, ते कळलं मला. तरी नाही पटलं. खोटं कशाला बोलू? मला नाही आवडला शेवट."

"बरं," म्हटलं. "मग तसंच लिही."

फोन ठेवला तर केतकी दारात उभी. मी किती वेळ बोलत होते ते बघत असणार. रोहनचं नाव तिने ऐकलं होतं. तोंड उतरलेलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नाही आवडला शेवट."

"मग तुम्ही हसताय काय, ताई?"

"अगं," मी म्हटलं, "पुरा खेळून म्हणाला."